फ वरून फ्रेया!

ऐकलंत का? नाशिकच्या गंगापूर रोडवरल्या सोसायट्यांतून म्हणे आता फ्रेया नावाच्या हाका येतात. सीतागुंफेच्या गावात, जिथे आळीत एक वैदेही आणि एक मैथिली ठरलेली, तिथे थेट व्हायकिंगांची देवी! काय बाई हे!

यात आईबापांपेक्षा पत्रिकेचा हात मोठा. पूर्वाषाढा नक्षत्राची अक्षरं भू, धा, फा, ढा. ढ वरून लेकीचं नाव ठेवायची छाती कुणाची? राहिला फ. फाल्गुनी आत्याच्या पिढीत वापरून झाली, फुलवंती म्हटलं की आजेसासूबाई डोळ्यांपुढे येतात. मग मोबाइलवर शोधावं तर फ्रेया दत्त म्हणून उभी. अर्थही झकास छापलेला: प्रेमाची आणि सौंदर्याची देवी. आत्या खूश.

पुढची कथा मात्र छापणाऱ्यांनी गिळली. बाईंचा रथ मांजरं ओढतात. असू दे, आपल्या षष्ठीदेवीचं वाहनही मांजरच. रणात पडलेल्या वीरांपैकी अर्धे ही आपल्या वाड्यावर नेते. तेही चालेल. पण एकदा हिनं चार बुटके कारागीर सोन्याचा हार घडवताना पाहिले आणि जीव अडकला. सोनं देते, चांदी देते, म्हणाली. नको, म्हणाले. प्रत्येकाला एकेक रात्र दे! आणि बाईंनी दिली हो, चारही रात्री! आपल्या सराफ बाजारात घडणावळीवरून दुकानदाराला घाम फोडणाऱ्या बायकांनी हे ऐकलं तर काय म्हणतील? अर्थात ही गोष्ट 14व्या शतकाच्या अखेरीस आइसलँडमध्ये लिहून ठेवली ती ख्रिस्ती पाद्र्यांनी. जुन्या देवीला बदनाम करण्यात त्यांना रस असणारच.

तरी नाव मेलं नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ब्रिटनमध्ये ते चांगलंच फोफावलं. फ्रेयाची गाववाली सिरी तर आपल्या घरात केव्हाच घुसली. सिग्रिड या जुन्या नॉर्स नावाचं हे लाडकं रूप. डाग किटलाउस या नॉर्वेजियन वंशाच्या उद्योजकानं मुलगी झाली तर सिरी, असं ठरवलं होतं. झाला मुलगा. नाव मिळालं कंपनीला, आणि 2011 पासून ते आयफोनमध्ये बोलतंय. तिच्यावर आजोबासुद्धा खेकसतात, पण त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही!

आणि एवढा संस्कृतीचा टाहो फोडणाऱ्यांनो, 1933 साल आठवा. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’नं मराठी रंगभूमी हलवली, ते मूळ ब्यर्न्सन या लेखकाचं नॉर्वेजियन नाटक. त्याची नायिका स्वावा, नाव एका वाल्कीरीचं, म्हणजे रणात पडणारे वीर निवडणाऱ्या नॉर्स कथांतल्या दिव्य स्त्रीचं. होणाऱ्या नवऱ्याचं जुनं प्रकरण कळताच ती त्याच्या तोंडावर हातमोजा फेकते. श्री. वि. वर्तकांनी तिला मराठीत आणली, बिंबा असं नाव ठेवलं, ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी ती रंगवली, आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. आमची पोरगी पळवली म्हणून तिकडे कुणी बोंब मारली नव्हती.

तेव्हा झाली फिटंफाट. फ्रेयाच्या बारशाला जा, घुगऱ्या खा, आणि हाराची गोष्ट तेवढी पणजीच्या कानावर घालू नका.