घराण्याचं माप

आमच्या टेलरकाकांकडे मापांच्या जुन्या वह्या आहेत. शनिवार पेठेतल्या बोळातलं दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. फळीवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांची चळत. गेल्या पाडव्याला पँट शिवायला टाकायला गेलो, तर त्यांनी माझ्याभोवती टेप फिरवली, क्षणभर थांबले, आणि फळीवरची एक वही झटकून म्हणाले, "1987. तुमच्या वडिलांची कंबर साडेसदतीस. तुमची अडतीस. तेच माप धरतो, वर चार सूत."

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. मला हर्ष झाला. म्हणजे ही ढेरी माझी कमाई नव्हती, वडिलोपार्जित मालमत्ता होती! मी नुसता वहिवाटदार.

घरी हा सिद्धांत मांडला तेव्हा लेकीने माझ्या सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला जनुक-तपासणीची पेटी मागवली. नळीत थुंकायचं आणि कुरियरने पाठवायचं. पुण्यात आयुष्य काढून पहिल्यांदाच माझ्या थुंकण्याला कुणी किंमत दिली. दीड महिन्याने अहवाल आला. एफटीओ नावाच्या जनुकाचं जे रूप वजन वाढवतं, त्याच्या माझ्याकडे दोन प्रती. एक आईकडून, एक बाबांकडून. मी अहवाल लॅमिनेट करून फ्रिजच्या दारावर लावला. मनात हेतू असा, की रात्री अकराला ते दार उघडताना कुणी पकडलंच तर कागदपत्रं हाताशी असावीत.

पहिली हरकत आईने घेतली. "आमच्या माहेरी असलं काही नाही. सगळे काडीसारखे." आई स्वतः अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पंचेचाळीस किलो आहे. मी तिला शास्त्र समजावलं : माझ्यात दोन आहेत म्हणजे तुझ्यात निदान एक आहेच, त्यातून सुटका नाही. आई म्हणाली, "असेल. मला बसायला वेळ कुठे होता? वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर पाणी कोण चढवत होतं, तुझं जनुक?"

मग मी बायकोकडे वळलो आणि भरपूर वाचून वळलो. तिला कॅनडातल्या क्यूबेकच्या जुळ्यांची गोष्ट सांगितली. 1990 साली क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या बारा जोड्या घेतल्या आणि शंभर दिवसांच्या मुक्कामात चौऱ्याऐंशी दिवस प्रत्येकाला रोज हजार उष्मांक जादा खाऊ घातले. (अशा प्रयोगांच्या जाहिराती आपल्या पेपरात का येत नाहीत?) खाणं तेवढंच जादा, पण कुणाचं वजन 4.3 किलोने वाढलं, कुणाचं 13.3. आणि गंमत म्हणजे एका जोडीतले दोघे भाऊ साधारण सारखेच फुगले, चरबी साठली तीही दोघांच्या बहुतेक सारख्याच जागी. "बघ," मी म्हटलं, "वरूनच लिहून आलेलं असतं."

बायको शाळेत गणित शिकवते. तिने फ्रिजवरचा अहवाल चष्मा लावून वाचला, मग फोनवर काहीतरी शोधलं. एफटीओचा वजनाशी संबंध सापडला तो 2007 साली. दोन्ही प्रती असलेली माणसं एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी साधारण तीन किलोने जड भरतात. तिने विचारलं, "तुझं वजन किती असायला हवं?"

"डॉक्टर म्हणतात पंधरा किलो जास्त आहे."

"बरं. तीन किलो तुझ्या जनुकाचे. बाकीचे बारा कुणाचे?"

त्यावर तिने आणखी एक कागद छापून आणला आणि माझ्या अहवालाशेजारी त्याच चुंबकाखाली लावला. 2011 साली दोन लाख अठरा हजार माणसांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष : जे अंग हलवतात त्यांच्यात या जनुकाचा लठ्ठपणावरचा जोर सुमारे 27 टक्क्यांनी कमी पडतो. जनुक तेच, अंगातून ते कुठे जात नाही, पण चालत्या माणसावर त्याचं तितकंसं चालत नाही.

मला साक्षीदार हवा होता. बाबा झाले, मी झालो, आजोबांचंही माप अडतीसच्या आसपास निघालं तर तीन पिढ्यांचा पुरावा होईल आणि सत्तावीस टक्के गेले उडत. परत टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी स्टुलावर चढून सगळ्यात वरची, त्यांच्या वडिलांच्या अक्षरातली वही काढली. 1958. आजोबांच्या खाकी पँटची नोंद. कंबर एकतीस.

"चुकून लिहिलं असेल," मी म्हटलं.

"पोस्टमन होते ना ते," काका म्हणाले. "त्यांच्या पँटी कमरेत नाही, गुडघ्याला फाटायच्या."

साक्षीदार फितूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पर्वतीच्या पायथ्याशी उभा होतो.

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. हा आकडा मला शाळेपासून पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं आणि मांडीला कळणं वेगळं. एक्केचाळिसाव्या पायरीला मी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने खाली बसलो. बसल्यावर लक्षात आलं की नव्या बुटांना नाडीच नाही. तरी मी बोटं हलवत राहिलो. नऊवारीतल्या एक आजी, पायात साध्या चपला, वरून खाली येत होत्या. माझ्यापाशी थांबल्या. "पहिल्यांदाच का? बसा, बसा. माझी तिसरी फेरी आहे." वर देवदेवेश्वराला नमस्कार केला तो भक्तीने की वाकल्यावर सरळ होता येईना म्हणून, हे देवालाच ठाऊक. मनगटावरचं घड्याळ म्हणालं, 92 उष्मांक खर्च. खाली उतरून ते मी एका बटाटेवड्याच्या पहिल्या अर्ध्यातच परत मिळवले. उरलेला अर्धा व्याज.

या काळात मला धीर दिला तो आपल्याच पुण्याच्या एका कागदाने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, 22.3. पण चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के, आणि आपले याज्ञिक 21.2. साहेब तेव्हा मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांनी आपला मुख्य व्यायाम म्हणून काय नोंदवावं? रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं! जनुकांचा वाटा किती ते अजून ठरायचंय असंही त्यांनी लिहिलं, आणि आपण स्वतः जन्मतः कमी वजनाचे होतो याकडे बोट दाखवलं. स्वतःच्या चरबीवर 'लॅन्सेट'मध्ये विनोद करणारा माणूस मला फार मोठा वाटतो. मी फक्त फ्रिजवर केला होता.

तर पाऊसभर पर्वती चढलो. वड्याची गाडी टाळण्यासाठी उलट्या रस्त्याने घरी येत राहिलो. काट्यावर चार महिन्यांत उतरलं किती? दीड किलो. मी अहवाल पुन्हा वाचायला घेतला, तेवढ्यात पँट घसरली. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. व्यायामाने आतड्यांभोवतीची चरबी हलते, काट्याला ते दिसतंच असं नाही, टेपेला दिसतं. आपल्याकडच्या पुरुषांना नव्वद सेंटिमीटरची, म्हणजे साडेपस्तीस इंचांची मर्यादा आहे आणि तीही शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायची. पट्टा ढेरीखाली बांधून गेली पंधरा वर्षं मी छत्तीस सांगत आलो, ते चालत नाही.

दसऱ्याच्या आधी छाती काढून टेलरकाकांकडे गेलो. टेप फिरली. साडेछत्तीस. वडिलांच्या एक इंच आत! काकांनी वहीत लिहिलं, आजोबांचं पान शोधायच्या भानगडीत पडले नाहीत. मी म्हटलं, आता या मापाने नवी पँट शिवा.

आठ दिवसांनी पँट घेतली, घातली, आरशात आडवा उभा राहून पाहिलं. चोख. काकांनी कमरेची पट्टी आतून उलटून मला शिलाई दाखवली.

"दोन इंच कापड आत सोडलंय. दिवाळीनंतर घेऊन या."