समोरची काच

काकाजींच्या घराला पाच खिडक्या आहेत. पुसायची काच मात्र एकच, ती समोरची. बाकीच्या चार पॅसेंजरच्या, असं त्यांचं म्हणणं.

काकाजी एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षं एका काचेमागे बसलेला माणूस रिटायर झाला तरी काचेमागून उठत नाही. घर बांधताना त्यांनी हायवेकडे तोंड करून मोठी खिडकी ठेवून घेतली, खिडकीशी खुर्ची मांडली, आणि आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खुर्चीत बसतात. आम्ही सहा नंबरचा हायवे म्हणायचो, आता कागदोपत्री तो त्रेपन्न नंबरचा झाला, दोनाचे चार पदर झाले. काकाजींची जागा तीच. स्वयंपाकघरातून काकूंनी ताटावर चमचा दोनदा वाजवला की डबल घंटी झाली असं समजून ते चहा संपवतात आणि दिवस सुरू करतात.

आमचं तळेगाव कंसातल्या श्यामजी पंतांसकट लिहावं लागतं. नुसतं तळेगाव म्हटलं की माणूस दाभाड्यांच्या नाही तर ढमढेऱ्यांच्या तळेगावात निघतो, फार तर शेजारच्या जिल्ह्यातल्या दशासरला पोचतो. काकाजी म्हणतात, "बोर्ड पुसलेला नसला का असंच होते. कंसातलं कोणाले दिसत नाही, अन् पॅसेंजर दशासरले उतरून मले शिव्या देते." पुसण्याच्या शास्त्राकडे ते असे थेट पोटतिडकीनं आले.

असा माणूस गावोगावी एकेक असतोच. कोणी काच पुसताना दिसला की यांचे पाय थांबतात. दोन मिनिटं हात मागे बांधून पाहतात, मग म्हणतात, "असं नाही." बँकेत गेले तर पासबुक आधी नाही, कॅशियरची काच आधी. पुतण्यासाठी मुलगी पाहायला आर्वीला गेले होते, तर पोहे येईपर्यंत त्यांनी त्या घरच्या तावदानांवरचे वण मोजले. परत येताना मत विचारलं तर म्हणाले, "पोरगी बेस. पण घरात उभं-आडवं कोणालेच समजत नाही."

उभं-आडवं ही त्यांची बाराखडी. काचेच्या आतल्या बाजूला हात आडवा फिरवायचा, बाहेरच्या बाजूला उभा. मागे वण राहिला तर तो आडवा की उभा एवढं पाहायचं, कोणती बाजू चुकली ते कळतं. नाहीतर माणूस आत पुसून बाहेर जातो, बाहेर पुसून आत येतो, आणि डाग तिथल्या तिथे. मी हे घरी करून पाहिलं. खरं आहे. काकाजींच्या फार थोड्या गोष्टी करून पाहिल्यावर खऱ्या निघतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

पुसायची वेळ उन्हं यायच्या आधीची. वर्ध्याचं ऊन काचेवर पडलं की पाणी फडक्याच्या आधी वाळतं आणि पट्टे उमटतात. आधी कोरडा ब्रश. तो दाढीचाच, पण जुना. हायवेची धूळ ओल्या फडक्यानं थेट रगडली तर तिच्यातली बारीक वाळू काचेला ओरखडे काढते. मग धोतराचं फडकं, ओलं करून घट्ट पिळलेलं. आणि शेवटी पेपर.

पेपरवर त्यांचा जीव. बातम्यांसाठी नव्हे. पेपरचे दोन उपयोग, पहिला वाचायचा आणि खरा पुसायचा. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत असतो, पाणी पितो आणि फडक्यासारखे धागे मागे ठेवत नाही. गुळगुळीत पुरवणीच्या कागदावर खडू-मातीचा लेप असतो, तो पाणी प्यायच्या ऐवजी पसरवतो. काकाजी पेपराची योग्यता यावरूनच ठरवतात. अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं, कारण त्यात फोटो नसतात. रंगीत जाहिरातीचं पान पांढऱ्या चौकटीला काळं-निळं करतं. निवडणुकीच्या दिवसांत त्यांचे हाल होतात, सगळ्या पानांवर हात जोडलेले रंगीत फोटो. "चार पानं पुसली तरी एक धड माणूस सापडत नाही," असं ते म्हणाले होते. ते शाईबद्दलच बोलत होते, असं मी धरून चालतो.

तंबाखूचं शास्त्र वेगळं. पावसाळ्यात वायपर दगा देई तेव्हा जुने ड्रायव्हर ओली तंबाखू समोरच्या काचेवर चोळायचे. पाण्याचे थेंब धरून बसत नाहीत, ओघळून जातात. कोणी कापलेला बटाटा चोळायचं. सत्याग्रही घाटात मुसळधार पावसात आपण एका पुडीवर गाडी उतरवली, ही गोष्ट काकाजी दर पावसाळ्यात सांगतात. दरवर्षी घाट थोडा लांब होतो. घरच्या खिडकीलाही त्यांनी तंबाखू चोळली होती. चार दिवस काकू त्या खोलीत आल्या नाहीत.

बाकीच्या चार खिडक्यांकडे काकाजी वळून पाहत नाहीत. एकीत कूलर आहे, तो होळीच्या आसपास बसतो आणि मृग उलटून गेला तरी निघत नाही, कारण काढायला दोन माणसं लागतात आणि काकाजी स्वतःला त्यात मोजत नाहीत. दुसरीपुढे कपाट. तिसरीच्या गजांवर लोणच्याच्या बरण्यांची फडकी वाळतात. चौथी काकूंची. तिथून शेजारच्या अंगणातलं सगळं दिसतं, ती पुसली काय अन् न पुसली काय, त्यांना पुरेसं दिसतं.

कूलरनं मात्र एकदा काकाजींना हात टेकायला लावले. बोअरचं पाणी जड. कूलरचे शिंतोडे उन्हाळाभर तावदानावर उडतात, पाणी उडून जातं आणि चुन्यासारखा पांढरा थर उरतो. त्यावर धोतर हरलं, अग्रलेख हरला. पुण्याहून आलेल्या मुलानं सांगितलं, "बाबा, व्हिनेगर लावा." काकाजी म्हणाले, "नूडल्स कराच्या आहेत का काचेच्या?" पण लावलं. क्षाराला आंबट लागलं की तो सुटतो, लिंबानंही सुटतो, आणि काच लख्ख निघाली. फक्त व्हिनेगर ओघळून खाली कडप्प्यावर साचलं. कडप्पा चुनखडीचाच दगड, आंबटानं तोही विरघळतो. काळ्याभोर फरशीवर भुरे डाग पडले ते आजही आहेत. पाहुणा आला की काकाजी आधी डाग दाखवतात, मग काच. नव्या पद्धतीविरुद्धचा पुरावा म्हणून त्यांनी तो जपला आहे.

मुलगा हटणारा नाही. दर दिवाळीला पुण्याहून काहीतरी घेऊन येतो. निळ्या पाण्याची फवारणीची बाटली आली, ती काकूंनी टी.व्ही.साठी ठेवली. मायक्रोफायबरचं फडकं आलं. त्याचे धागे केसाहून कितीतरी बारीक, ते धूळ पकडून ठेवतात, हे त्यानं मोबाइलवर दाखवलं. तेही काकूंकडे, गॅसच्या ओट्यासाठी. एका वर्षी लोहचुंबकाचं यंत्र आलं. त्याचे दोन भाग. एक काचेच्या आत, एक बाहेर, मधे काच. आतला फिरवला की बाहेरचा आपोआप फिरतो, घरात बसून बाहेरची बाजू साफ.

यंत्र ज्यानं काढलं त्याच्या घराला गज नसावेत. आमच्याकडे आधी लोखंडी ग्रील बसतं, मग खिडकी, मग गृहप्रवेश. मुलानं बाहेरचा भाग काचेला लावला आणि आतला हातात घेऊन ग्रीलमधून घालायला गेला. तो भाग काचेपर्यंत पोचलाच नाही. वाटेतच गजाला जाऊन बसला, खाट्कन, घोरपड बसावी तसा. मुलानं ओढला. काकाजींनी ओढला. मला बोलावलं. काकाजींनी पेटीतला पाना आणला आणि खालून घातला, तर पानाही चिकटला. आता गजाला चुंबक, चुंबकाला पाना आणि पान्याला आम्ही तिघं. बाहेरचा भाग एव्हाना जोडीदार न सापडल्यामुळे काचेवरून सुटून काकूंच्या तुळशीत पडला होता. आतून काकूंचा आवाज आला, "आयकता का? तुमच्या काचेपाई माझी भाजी जळून राहिली!"

काकाजींनी घाम पुसला आणि निकाल दिला, "ब्रेकडाऊन. पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसवा."

एकच नवी वस्तू त्यांनी मनापासून घेतली. पितळी पट्टीत रबर बसवलेला हाताचा वायपर. त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. एत्तोरे स्तेकोने नावाच्या, अमेरिकेत जाऊन काचा पुसणाऱ्या इटालियन माणसानं 1936 साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच साली गांधीजी आपल्या जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. काकाजींनी इटालियनाचं नाव सोडून दिलं, साल धरलं. आता वायपर हातात घेतला की म्हणतात, "हे अन् सेवाग्राम एकाच सालचं." खरं कारण वेगळं आहे. वायपर हा शब्दच त्यांच्या गाडीतला. गाडीतला वायपर मोटर फिरवते, हा हातानं फिरवायचा, एवढाच फरक. वरून खाली एकच ओढ, मग रबर फडक्याला पुसायचं, मग दुसरी ओढ. काठाला उरलेलं पाणी मात्र पेपरनं. पेपर त्यांनी सोडला नाही.

पेपरच आता सुटतोय. सून बातम्या मोबाइलवर वाचते, मुलानं घरचा पेपर बंद करायचं सुचवलं, शेजारच्या दोन घरांनी केलाही. काकाजी संध्याकाळी चौकातल्या टपरीवर जातात, चहा घेतात आणि टेबलावरचा पेपर अग्रलेखाचं पान वर येईल असा दुमडून उठतात. टपरीवाला पाहून न पाहिल्यासारखं करतो. त्याच्या काउंटरच्या काचेवर मागच्या महिन्यात काकाजींनी स्वतः हात फिरवला आहे. आत आडवा, बाहेर उभा.

दिवाळी जवळ आली आहे. अमरावती-नागपूर रस्त्यानं कोणी जाणार असाल तर तळेगावला उतरा. श्यामजी पंतांच्या. येताना जुने पेपर आणा, पुरवण्या नकोत. आणि दोघं असाल तर बरं, कूलर अजून खिडकीतच आहे.