कॅमेरावाले भाऊ, तुमचे उपकार फेडू कसे?

श्री. रा. रा. कॅमेरावाले भाऊ यांस,
मु. पो. उदगीरहून कृ. सा. न. वि. वि.

आईला इथं एकटी ठेवून पोटासाठी पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलाला तुम्ही देवासारखे भेटलात. एका दुपारी चार कॅमेरे ठोकलेत, टीव्हीमागं डीव्हीआर बसवलात आणि चहा निवायच्या आत आमचं घर माझ्या मोबाइलवर आणून दिलंत. ते आणखी कुणाच्या मोबाइलवर जाईल, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. केवढं हे मन!

पहिले आभार पासवर्डबद्दल. ‘लक्षात राहील असाच ठेवलाय’ म्हणालात. अ‍ॅडमिन वन टू थ्री. राहिला लक्षात. तुम्हीच फिटिंग केलेल्या शेजारच्या दोन घरांत विचारलं, तिथंही हाच. एकाच किल्लीनं तीन घरं उघडतील असं कुलूप आमच्या गावच्या चौबाऱ्यातला एकही दुकानदार विकणार नाही. तुम्ही ते पॅकेजमध्ये फुकट दिलंत.

‘आपल्या गावात कोण हॅक करतंय, साहेब?’ या धीराच्या शब्दांबद्दलही ऋणी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीला आलेल्या बायकांच्या सीसीटीव्ही चित्रफिती यूट्यूबवर झळकल्या आणि टेलिग्रामवर विकायला निघाल्या. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी सुरुवातीला पकडलेल्या तिघांपैकी एक सांगलीचा होता आणि एक लातूरचा. होय, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणचा. तपास पुढे गेला तसा देशभरातल्या सुमारे ५०,००० चित्रफितींचा आकडा समोर आला. त्यांत लोकांची राहती घरंही होती. आणि त्या प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड? बातम्यांत आला तो तुमचाच लाडका, अ‍ॅडमिन वन टू थ्री.

तुमची परंपराही थोर आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका प्रोग्रामनं कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या जगभरच्या कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर लावून पाहिल्या. लाखो यंत्रं उघडली. त्यांना कामाला जुंपून २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पाडल्या गेल्या. मालकांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा तर नीट चालू होता. आमचाही नीटच चालू आहे.

‘बाहेरून झटकन दिसावं’ म्हणून तुम्ही राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवलात, तेही न विचारता. अशी उघडी दारं शोधत इंटरनेटवर रात्रंदिवस प्रोग्राम फिरत असतात. त्यांना उदगीर काय नि न्यूयॉर्क काय, सारखंच. आमच्या गावच्या किल्ल्याला बांधणाऱ्यांनी खंदक खणला. तुम्ही आमच्या घराला थेट रस्ता काढून दिलात.

अ‍ॅपमधली शेअरची यादी काल उघडली. तीन फोन निघाले. एक माझा, एक बहिणीचा, एक तुमचा. घरच्यासारखा माणूस म्हणतात तो हाच.

शेवटचे आभार मधल्या खोलीतल्या कॅमेऱ्याचे. मी दारापुरते मागितले होते. ‘चारचं पॅकेज आहे, वाया कशाला घालवता’ म्हणून चौथा तुम्ही आईच्या पलंगासमोर लावलात. मी मान डोलावली आणि पुण्याची गाडी धरली. तेव्हापासून ती माउली स्वतःच्या घरात, एकटी असतानाही, पदर सावरून बसू लागली.

भाऊ, आता सरळ बोलतो. तुम्ही चोर नाही, मला ठाऊक आहे. पण चोराला वाट दाखवायला चोरच असावं लागत नाही. काल मी डीव्हीआर रिसेट केला. लांबलचक, दुसरीकडं कुठंच न वापरलेला पासवर्ड घातला. अ‍ॅप उघडताना ओटीपी लागेल असं केलं. पोर्ट बंद केला, अपडेट टाकलं, तुमचा फोन यादीतून काढला. राउटरचा पासवर्डही बदलला. एवढ्याला तासभरसुद्धा लागला नाही. तो तास तुमच्याकडं नव्हता का?

हात जोडून एवढंच मागतो. पुढच्या घरी जाल तेव्हा पासवर्ड घरधन्यालाच टाकायला सांगा आणि तेवढा वेळ तोंड फिरवून उभे राहा. निघताना तुमचं खातं त्याच्यासमोर काढा. कॅमेरा दारावर लावा, माणसांवर नको. शेजारच्या दोन घरांत मी आज जातोय. बाकीच्या घरांची यादी तुमच्याकडंच आहे.

मधल्या खोलीतला कॅमेरा काढताना आई खाली उभी होती. ‘आता कोण बघलालंय रं त्यातून?’ तिनं विचारलं. आधी कोण बघत होतं, हे मी तिला आजही सांगू शकत नाही.

कळावे. लोभ असावा, नजर नसावी.

आपला कृपाभिलाषी,
एका आईचा मुलगा