टॉर्च नीट धरा

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची आणि उभं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये काढायचं, असा आमच्या पिढीचा रिवाज. पण पदवी आत कुठेतरी ठुसठुसत असते. माझ्या पदवीला संधी मिळाली ती मिसिसागाच्या आमच्या बेसमेंटमध्ये. आई-बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले, आणि पाणी तापवायची टाकी एकच असल्यामुळे सकाळी आंघोळीला तिसरा जाईल त्याच्या वाट्याला लेक ओंटारिओ येऊ लागला. बरं, ही टाकीही आमची नव्हे. ओंटारिओत घर आपलं आणि टाकी भाड्याची, असा प्रकार सर्रास असतो. या टाक्या दारोदार फिरून गळ्यात मारणाऱ्यांनी इतका उच्छाद मांडला होता की 2018 साली सरकारला त्यावर बंदी आणावी लागली.

‘‘खालच्या बाथरूमला इलेक्ट्रिक शॉवर बसवू. मीच बसवतो,’’ मी जाहीर केलं. ‘‘इथल्या कायद्यानं घरमालकाला स्वतःच्या घरात वायरिंग करता येतं. इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे नोंद करायची, इन्स्पेक्टरला दाखवायचं, झालं.’’

‘‘अहो, कायदा परवानगी देतो, आग्रह नाही करत,’’ बायको म्हणाली.

मी कागद घेतला. हिवाळ्यात इथे नळाला पाणी येतं साधारण 5 अंशांचं. अंगावर घ्यायला हवं 40 अंशांचं. मिनिटाला 8 लिटर धरले तर लागतात साडेएकोणीस किलोवॉट; 240 व्होल्टने भागलं की 81 अँपियर! आमच्या अख्ख्या घराचा मेन 100 अँपियरचा. म्हणजे बाबा शॉवरखाली उभे राहिले की बाकीच्यांनी स्वयंपाक आणि कपडे वाळवणं सोडून हरिपाठ म्हणत बसायचं. मुंबईत पाणी मुळातच 25 अंशांचं असतं, म्हणून तिथे 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर बघता बघता बादली भरतो. तोच इथे आणला तर मिनिटाला सव्वा लिटर देईल. त्याला आंघोळ म्हणत नाहीत, अभिषेक म्हणतात.

हिशेब इतका देखणा झाला होता की तो कुणीतरी बघावा म्हणून मी कागद फ्रीजवर लावला. कुणी बघितला नाही.

खरं सांगू? पाणी तापवावं ते बंबानं. आमच्या मिरजेच्या घरात तांब्याचा बंब होता, चिंचेनं घासल्यावर त्यात आपलं तोंड लांबट दिसायचं. मधल्या नळीत ढलप्या, करवंट्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या. (माझं बीजगणित फक्त तिथेच पेटलं.) त्या पाण्याला धुराचा वास असायचा आणि तो वास शाळेत दुसऱ्या तासापर्यंत टिकायचा. बंबाचा नियम एकच: आत पाणी नसताना जाळ नको. पाणी संपलं आणि जाळ राहिला तर डाख वितळून बंब गळायला लागायचा. त्यासाठी ना फ्यूज होता ना थर्मोस्टॅट. आजी होती. ‘‘बंबात पाणी आहे का बघा रेऽऽ!’’ ही आरोळी माजघरातून यायची आणि ती कधी फेल गेली नाही. पहाटे उठून तो बंब पेटवायचीही तीच, आणि स्वतः न्हायची सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या कोमट पाण्यानं. हे मला इथे भाड्याच्या टाकीसमोर उभं राहून कळलं. असो.

शेवटी ब्रॅम्प्टनहून एक सरदारजी आले, परवानाधारक. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी पॅनेलचं झाकण उघडलं, अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हिसाब सही है सर जी. शॉवर नहीं लगेगा. छोटी टंकी लगाते हैं. ज़रा टॉर्च पकड़ना.’’

मी टॉर्च धरला. हे काम मला येतं. बाबा मिरजेत वायरमन होते. सुटीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे आणि मी टॉर्च धरायचो. कॉलेजात मी सांगायचो, ‘‘वडील एमएसईबीत आहेत.’’ ऐकणाऱ्याला ते साहेब वाटायचे, आणि मी वाटू द्यायचो.

बाबा स्वेटर घालून खाली आले. छोट्या टाकीला दोन पोलांचा 20 अँपियरचा ब्रेकर लागत होता. त्या टाकीच्या 240 व्होल्टला न्यूट्रल लागत नाही, 120-120 च्या दोन्ही तारा जिवंत असतात. बाबांना मराठीशिवाय काही येत नाही, सरदारजींना मराठी येत नाही. तरी बाबा ब्रेकरच्या जोडदांडीकडे बघून म्हणाले, ‘‘बरोबर. दोन्ही एकदम तुटल्या पाहिजेत. एकच तुटली तर टाकी बंद दिसेल आणि आत करंट तसाच.’’ सरदारजींनी स्क्रू आवळला, त्यांच्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं ‘कट्’ केलं, आणि तरीही त्यांनी तार चिमटीत धरून ओढून पाहिली. ‘‘हा माणूस कामाचा आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘तार ओढून बघतो.’’

इथे इलेक्ट्रिशियन व्हायला 9,000 तासांची उमेदवारी आणि वर परीक्षा असते. लोक त्याच्याशी अदबीनं बोलतात, बिल न कुरकुरता भरतात. बाबांना लोक ‘‘ए वायरमन’’ म्हणायचे, चहा वेगळ्या कपातून द्यायचे, वर पाच रुपयांसाठी घासाघीस. आणि ज्यांचा जीव त्यांनी सांभाळला त्यांत मीही होतो, पण मला साहेबाचा मुलगा व्हायचं होतं.

जीव सांभाळणं म्हणजे काय, तेही सांगतो; पदवीचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. ब्रेकर वाचवतो तारेला, माणसाला नाही. 40 अँपियरच्या ब्रेकरला तुमच्या अंगातून जाणारा करंट जाणवतही नाही. माणसासाठी वेगळं यंत्र लागतं. ते गेलेला करंट आणि परत आलेला करंट सतत ताडून बघतं, आणि फरक पडला की क्षणात तोडतं. इथे बाथरूमच्या प्लगला ते 5 मिलिअँपियरला तुटतं, म्हणजे त्या ब्रेकरच्या आठ हजाराव्या हिश्शाला. बर्कलेच्या चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी ते 1961 मध्ये बनवलं. आपल्याकडे आरसीसीबी मिळतो, घरासाठी 30 मिलिअँपियरचा.

तेव्हा वाचकहो, गीझरच्या लाइनवर आरसीसीबी आहे का ते आजच बघा. अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या. त्याला आपल्याच कपातून चहा द्या, सांगेल ते पैसे द्या, आणि तुम्ही इंजिनिअर असाल तर गप्प राहून टॉर्च नीट धरा.