बंडखोरी, इयत्ता नववी

रॉक गिटारच्या श्रेणी-परीक्षा निघाल्या ही फार मोठी सोय झाली. ब्रिटनमध्ये १९९१ साली ‘रॉकस्कूल’ सुरू झाली आणि बंडखोरीला अखेर अभ्यासक्रम मिळाला. आता पहिली ते आठवी अशा रीतसर श्रेणी आहेत, आणि सहावीपासून पुढे तिथल्या विद्यापीठ-प्रवेशाचे गुणसुद्धा पदरात पडतात. त्याआधीचा कारभार अगदीच गचाळ होता. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं गेली; त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल केल्या आणि त्या जड, खर्जातल्या आवाजाला जग मेटल म्हणू लागलं. १९६४ साली गिटारवादक डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडून आवाज खरखरीत केला. दोघांचेही ‘सुरेलपणा व नीटनेटकेपणा’चे गुण गेलेच असते.

बंडाची कसली परीक्षा, असं काही जण म्हणतील. पण गांधर्व महाविद्यालयाचे विशारद आपण आदराने मिरवतोच ना? परंपरा जपणाऱ्याने पेपर द्यायचा आणि मोडणाऱ्याला तेवढी सवलत, हा कुठला न्याय? उलट आता नववी श्रेणी काढावी. पीट टाउनशेंडने १९६४ मध्ये रंगमंचावर गिटार फोडली, ती परीक्षक नसल्याने वायाच गेली. यापुढे प्रात्यक्षिक : गिटार फोडणे, गुण वीस, तुकडे आखलेल्या चौकोनातच पडावेत. शेजाऱ्यांच्या तक्रारीची साक्षांकित प्रत जोडल्यास अंतर्गत गुण. नापासांना ऑक्टोबरात फेरपरीक्षा. गिटार नवी आणावी, अर्जावर वडिलांची सही आवश्यक.