मूर्खलक्षण आणि बायोडेटा

मराठी मुलखात ‘बायोडेटा’ या नावाचे दोन दस्तऐवज प्रचारात आहेत. पहिला विवाहाचा, ज्यात उंची, रास, नाडी, देवक आणि मामांचे कूळ यांची नोंद असते. दुसरा नोकरीचा, ज्याला अलीकडे रेझ्युमे, म्हणजे मूळ फ्रेंच अर्थाने ‘सारांश’, किंवा सीव्ही, म्हणजे लॅटिन अर्थाने ‘आयुष्याची वाटचाल’, असे म्हटले जाते. दोन्ही बहुधा एकाच झेरॉक्सच्या दुकानात, एकाच संगणकावर आणि सारख्याच घाईत टाईप होत असल्यामुळे पहिल्यातील मजकूर दुसऱ्यात झिरपतो. परिणामी लेखापालाची जागा भरू पाहणाऱ्या कंपनीला उमेदवाराचा रक्तगट, वैवाहिक स्थिती, वडिलांचा हुद्दा आणि भावंडांची संख्या हे सारे कळते. त्याला हिशेब येतो की नाही, एवढे मात्र कळायचे राहून जाते.

या गोंधळाचा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास मूर्खलक्षणांचा असून, आपली स्तुती आपणच करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा या दोघांना समर्थांनी त्यात एकाच ओवीत बसवले आहे. हे बाळकडू प्यालेल्या माणसाला कोणी स्वतःविषयी चार चांगली वाक्ये लिहायला सांगितले की तो अवघडतो, ‘थोडेफार येते’ असे पुटपुटतो आणि अखेर वडील मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाल्याचे लिहून मोकळा होतो. म्हणजे पहिले मूर्खलक्षण टाळण्यासाठी तो दुसरे पत्करतो.

आत्मस्तुती अगदीच टळत नाही तेव्हा ती उसनी आणण्याची प्रथा आहे. ‘उद्दिष्ट’ या शीर्षकाखाली, आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा व संस्थेचा उत्कर्ष साधण्याची जी प्रतिज्ञा येते, ती दुकानातील संगणकावर आधीपासून तयार असते आणि गोदामात पोत्यांची नोंद ठेवण्याच्या जागेसाठीही तिच्यातील एक शब्द बदलत नाही. ‘गुण’ या सदरात प्रत्येक उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक व मिळूनमिसळून वागणारा असतो, तर ‘छंद’ या सदरात तो वाचन करतो, संगीत ऐकतो आणि क्रिकेट खेळतो किंवा निदान पाहतो. शेवटी, वरील सर्व माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापन येते, म्हणजे स्वतःच्या सत्यवचनाची स्वतःच दिलेली हमी. तिच्याखाली कधीकधी आदल्या गिऱ्हाइकाचे नाव तसेच राहून गेलेले असल्यामुळे ती नेमकी कोणी दिली, हा प्रश्न खुला राहतो.

या विद्येचा आद्यपुरुष म्हणून लिओनार्दो दा विंचीचे नाव घेतले जाते. सुमारे 1482 मध्ये त्याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी अर्जवजा पत्राचा मसुदा तयार करवला, आणि त्यात उचलून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा व संरक्षक रथ यांची क्रमवार जंत्री दिली. चित्रकलेचा उल्लेख मात्र अगदी अखेरीस, आपल्याकडे जिथे छंद लिहितात साधारण त्याच जागी केला. समोरच्याला युद्धाची चिंता आहे हे ओळखून त्याने आधी युद्धच मांडले, आणि ज्या जागेसाठी अर्ज आहे तिला उपयोगी पडेल ते वर घ्यावे, हा या शास्त्राचा पहिला नियम त्यातून सिद्ध होतो. त्याच लुडोविकोने पुढे त्याच्याकडून ‘द लास्ट सपर’ हे चित्र काढून घेतले, यावरून शेवटची ओळही कोणीतरी वाचतो, एवढा दिलासा छंदवाल्यांना घेता येईल.

अलीकडे मात्र पहिला वाचक पुष्कळदा माणूस नसतो. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी संगणकप्रणाली चाळते. जाहिरातीत मागितलेली कौशल्ये अर्जात आहेत का, हे ती शब्दांवरून शोधते आणि रंगीत चौकटी, दुहेरी रकाने किंवा कोपऱ्यातील वेलबुट्टी यांपुढे पुष्कळदा गोंधळते. यावर उपाय म्हणून साधी मांडणी, एकच टंक आणि पुरेसा समास सुचवला जातो, व तो आधुनिक शोध समजला जातो. वस्तुतः दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेचा समास उघडला, तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे आणि कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये इतकी जागा भोवती सोडावी, अशी शिकवण तेथे मिळते. सात टंक आणि तीन रंग वापरणाऱ्या उमेदवाराने निदान तेवढा समास वाचून मग दुकानात जावे.

प्रश्न उरतो तो आत्मस्तुतीचा, आणि त्याचे उत्तर विशेषणात नसून क्रियापदात व आकड्यात आहे. ‘वसुलीचे काम उत्तम सांभाळले’ ही स्तुती झाली. ‘40 दुकानांची थकलेली उधारी सहा महिन्यांत वसूल केली’ ही नोंद झाली, आणि नोंद करणाऱ्याला दासबोधाने कोठेही मूर्ख म्हटलेले नाही. अशी नोंद खरी असली म्हणजे मुलाखतीत तिच्यावर चार प्रश्न आले तरी घाम फुटत नाही. ‘उत्तम’ या शब्दावर मात्र पहिल्याच प्रश्नाला फुटतो.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी आहे असेही नाही. सरकारी कचेरीतील लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘टंकलेखन अप्रतिम’ असे लिहिलेले नाही. त्यांनी मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट एवढेच लिहिले व सोबत प्रमाणपत्र जोडले. त्या एका ओळीत ना स्वतःची स्तुती होती, ना वडिलांची कीर्ती. बायोडेटाच्या उरलेल्या ओळी तिच्यासारख्या लिहाव्यात, आणि मामांचे कूळ विवाहाच्या बायोडेटासाठी राखून ठेवावे.