वाक्यात उपयोग करा

मराठीच्या पेपरात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे : पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. गाइडमधली उत्तरं ठरलेली. मेटाकुटीला येतात ते रामराव, पोटाला चिमटा घेते ती त्यांची बायको. या एका कुटुंबावर इतकी संकटं कोसळली आहेत की शिक्षण खात्यानं त्यांना अनुदान द्यायला हरकत नव्हती. मार्क दोन : एक अर्थाला, एक उपयोगाला. अर्थाचा मार्क कुणालाही पडतो. उपयोगाच्या मार्कासाठी धाराशिव जिल्ह्यात बरेच पावसाळे काढावे लागतात, आणि त्यातले काही कोरडे असावे लागतात.

इथली रीत अशी की हालअपेष्टांचे वाक्प्रचार किरकोळ कामाला वापरायचे. कळंबची एसटी अर्धा तास उशिरा आली की 'जीव मेटाकुटीला आला'. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडं दोन हेलपाटे झाले की 'नाकी नऊ आले'. लग्नात मठ्ठा संपला तर वरपक्षाच्या 'तोंडचं पाणी पळालं'. खरोखरचं पाणी पळतं तेव्हा मात्र हीच माणसं भाषेला हात लावत नाहीत. "पाऊसपाणी काय म्हणतंय?" असं विचारलं, तर "औंदा काय न्हाई बगा" एवढंच. वाक्प्रचार नाही, उसासा नाही. पुढचा प्रश्न तुम्हालाच येतो : "पोरगं कितवीला हाय आता?"

नव्यानं बदली होऊन आलेल्या साहेबांची इथं गफलत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याच्या पट्ट्यात असा पाऊस झाला की माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. काढणीला आलेलं सोयाबीन गेलंच, कितीतरी शिवारांत खालची मातीसुद्धा गेली. पंचनाम्याच्या भाषेत 'जमीन खरडून गेली'. त्यानंतर एक तरुण अधिकारी एका आबांना भेटायला आले आणि कळवळून म्हणाले, "तुमची अवस्था म्हणजे अगदी दुष्काळात तेरावा महिना!" आबा घटकाभर त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दुष्काळ कुठला सायेब? म्हसरं पवत हुती." साहेबांचा अर्थाचा मार्क पक्का होता.

हे सगळं मनात घोळायला कारण फिनलंड. आमच्या एका मित्राचा मुलगा तिकडं एस्पोला नोकरीला आहे आणि हौसेनं फिनिश शिकतो. त्या भाषेत पंधरा विभक्ती आहेत म्हणे; आपण आठांतच घायकुतीला आलो होतो. पण त्याची खरी अडचण विभक्तीची नाही, वाक्प्रचारांची. अर्थ पाठ आहेत, पण ऑफिसात टाकला की समोरचा नुसती भुवई उचलतो. फिनलंडमध्ये भुवई उचलणं हेही पुष्कळ झालं.

त्यानं एकदा फोनवर विचारलं, "काका, 'आगीतून फुफाट्यात' याला इकडं काय म्हणतात माहितीये? ओयास्ता आल्लिक्कोन. चरातून डबक्यात!" मी म्हटलं, अरे, मग तक्रार कसली? आमच्याकडं चरात पडलेला माणूस पुढं डबक्यात सापडला तर गावानं त्याचा सत्कार केला असता आणि टँकर बंद झाला असता. हजारो तळ्यांच्या देशात संकटसुद्धा ओलं. आमचं मूळचं कोरडं. म्हणजे सप्टेंबरपर्यंत होतं. त्या महिन्यात परांडा तालुक्यानं फिनिशचा वाक्यात उपयोग करून दाखवला.

त्यांचा आणखी एक आहे : लॅपि हार्मान किवेन. करड्या दगडातून आरपार. म्हणजे काय वाटेल ते झालं तरी मागं न हटता पुढं जाणं. आता हा काही आमच्याकडं वाक्प्रचार होऊ शकत नाही, कारण ते बोअरचं बिल आहे. आधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा धरलेला नारळ शेताच्या एका कोपऱ्यात उभा राहतो. मग तमिळनाडूची गाडी येते, रात्री दोन दिव्यांच्या उजेडात धडधड सुरू होते आणि काळ्या पाषाणाचं पांढरं पीठ गावभर उडतं. बाया पदरानं नाक दाबून उभ्या. एजंट दर दांडीला फूट पुकारतो. मालक तीनशेला म्हणतो, "अजून पन्नास." चारशेला म्हणतो, "आता आलोच आहोत तर." शेवटी काय लागलं म्हणून विचारलं तर उत्तर येतं : "फुफाटा." कर्ज काढून पाण्याला गेलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द इतका नेमका बसतो की गाइडच्या लेखकानं येऊन लिहून घ्यावा. पण ते काही वाक्प्रचार म्हणून बोलत नाहीत, पाइपातून काय निघालं ते सांगतात.

फिनलंड आता सुखी देशांच्या यादीत पहिलं येतं, म्हणून तिथं सगळं आलबेल होतं असं समजू नये. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात तिथली शेकडा आठेक माणसं मेली. पिकं थंडीनं मारली, आणि लोकांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली. त्या भाकरीचं नाव पेट्टुलेइपॅ. आमच्याकडं १९७२ ला साल खायची वेळ आली नाही. अमेरिकेचा मिलो आला, सुकडी आली, आणि अख्खा मराठवाडा खडी फोडायला बसला. त्या पिढीतली माणसं 'बहात्तर' एवढंच म्हणतात; पुढं दुष्काळ हा शब्द लावत नाहीत. नातवानं ताटात भाकरी टाकली की आजी नुसतं म्हणते, "बहात्तरला असतास म्हंजे कळलं असतं." मिलोची चव कशी होती हे मात्र कुणी रंगवून सांगत नाही. विचारलंच तर "लाल हुती" एवढं म्हणतात.

साहेबांनी चुकीच्या ऋतूत टाकलेला तो तेरावा महिना मात्र अगदी खरा आहे. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो, आणि त्याची वेळ बघा : २०१२ ला अधिक भाद्रपद, २०१५ ला अधिक आषाढ, २०२३ ला अधिक श्रावण. तिन्ही वर्षं पावसानं दगा दिला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत धाराशिव, वाशी आणि लोहारा होते. सालगड्याला तर याचा अर्थ गाइडशिवाय कळतो : साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, रक्कम सालाची, राबायचे महिने तेरा.

आणि बाकीच्यांना तो कळतो जावयामुळं. आमच्याकडं अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात. कणकेत पुरण भरून धोंडे करायचे, वर तुपाची धार, तेहतीस अनारसे, दिवा, लेकीला साडी, जावयाला आहेर. घरात दाणा नसला तरी हे चुकत नाही. ज्यानं पहिल्यांदा 'दुष्काळात तेरावा महिना' म्हटलं त्याला दोन-तीन तरी लेकी असाव्यात, अशी माझी खात्री आहे.

आता १७ मे २०२६ ला अधिक ज्येष्ठ लागतोय. एस्पोच्या चिरंजीवांचं लग्न परवाच्या हिवाळ्यात उमरग्याच्या मुलीशी झालंय, म्हणजे हा त्यांचा पहिलाच धोंडा. सासऱ्यांनी रीतीप्रमाणं फोन केला, "जावईबापू, येताय नव्हं?" रजा नाही म्हटल्यावर सासऱ्यांनी "अरेरे" केलं, पण ते ऐकून सासूबाईंना संशय आला. त्यांनी फोन ओढून घेतला आणि अनारसे कुरियरनं धाडायचं ठरवून टाकलं. तेहतीसच्या तेहतीस. किलोचा भाव ऐकून सासरे म्हणाले, "एवढ्यात शंभर फूट बोअर झाला असता."